टनेज ड्यूटी : जकात, शुल्क की कर?

विचारणा अशी : अमेरिकी काँग्रेसच्या संमतीशिवाय कुठल्याही राज्याने 'टनेज ड्यूटी' बसवू नये, असे त्या देशाच्या राज्यघटनेत आहे. मराठीत तिला 'जहाजी मालावरील जकात' म्हटले तर चालेल का?

नाही चालणार. जकात बसते मालावर, ही बसते जहाजावर. टोलनाक्यावर ट्रक भरलेला आहे की रिकामा हे कोणी विचारत नाही, गाडी केवढी ते बघतात, तसेच हे.

शिवाय घटनेत आयात-निर्यातीवरच्या जकातीचे कलम अगदी शेजारीच आहे. तिलाही काँग्रेसची संमती लागते, पण तिचे निव्वळ उत्पन्न केंद्राच्या तिजोरीत जाते. टनेजच्या कलमात ही अट नाही. बंदर सुधारायला पैसा हवा असलेल्या राज्यांना म्हणूनच ही वाट सोयीची. ११ ऑगस्ट १७९० रोजी काँग्रेसने मेरीलँड, जॉर्जिया आणि ऱ्होड आयलंड यांच्या अशा कायद्यांना संमती दिली, तीही मुदतीपुरती. पुढे १८४७ मध्ये नद्या-बंदरांवरच्या खर्चाचे विधेयक नाकारताना अध्यक्ष पोल्क यांनी राज्यांना याच वाटेकडे बोट दाखवले. दोन्ही कलमांत 'जकात' लिहिलीत, तर हा सगळा व्यवहारच वाचकाला कळणार नाही.

मग 'टनेज शुल्क'? तेही टाळावे. १९३५ मध्ये अलाबामातल्या मोबिल बंदराचा खटला सर्वोच्च न्यायालयात गेला होता. तिथली आकारणी बंदरातल्या वाहतुकीवर देखरेख ठेवण्याच्या सेवेचा मोबदला आहे, ती टनेज ड्यूटी नव्हे, सबब काँग्रेसच्या संमतीची गरज नाही, असा निकाल लागला. सेवेचा मोबदला म्हणजे शुल्क, निव्वळ वसुली म्हणजे कर. निकाल या भेदावरच उभा आहे. (आपल्याकडे 'सीमाशुल्क' हा चक्क कर असतो, हा घोळ वेगळा.)

मी 'जहाजांवरील टनावारी कर' असे लिहीन. फक्त इथला टन हजार किलोंचा समजू नये. मूळ इंग्रजी शब्द दारूच्या मोठ्या पिंपाचा, आणि जहाजाच्या नोंदणीतला जुना टन म्हणजे शंभर घनफूट जागा. कोकणात गलबत किती खंडीचे ते सांगत, आणि खंडी हेही मापाचे आणि वजनाचे असे दोन्ही परिमाण आहे.