सोलापूर स्टेशन नक्की कोणाचं?

तुम्ही विचारलंय: "सोलापूर स्टेशनवर पार्किंगची पावती एक जण फाडतो, चहा दुसराच विकतो, झाडू मारणारे तिसऱ्याच गणवेशात. मग स्टेशन कोणाचं? स्टेशन मास्तरचं, महापालिकेचं, की आता खासगी झालं?"

मी रेल्वेत नोकरीला नाही. आमचा चादरी-टॉवेलांचा जुना धंदा. तीसेक वर्षं पार्सल ऑफिसच्या दारात गठ्ठे मोजत उभा राहिलोय, तिथं उभ्या उभ्या जे कळलं ते लिहितो.

मालक एकच, केंद्र सरकार. जमीन, इमारत, फलाट, रूळ, पादचारी पूल, सगळं रेल्वे मंत्रालयाचं. मंत्रालयाच्या हाताखाली रेल्वे बोर्ड, मग मुंबईत मुख्यालय असलेली मध्य रेल्वे, आणि तिच्या पाच विभागांपैकी एक आपला सोलापूर विभाग. विभागाचे प्रमुख डीआरएम, त्यांचं ऑफिस इथंच गावात. स्टेशनापुढं रिक्षा उभ्या असतात ते आवारसुद्धा रेल्वेचंच. महापालिकेची हद्द त्याच्या बाहेर सुरू होते. घटनेच्या २८५ व्या कलमामुळं केंद्राच्या मालमत्तेवर पालिकेला आपल्या घरांसारखी घरपट्टीही लावता येत नाही. तेव्हा महापालिकेचं नाव खोडून टाका.

आता स्टेशन मास्तर. सगळ्यांचा घोळ इथंच होतो, माझाही झाला होता. काही वर्षांपूर्वी वाटेतल्या एका जंक्शनवर रात्रीची गाडी चुकली. मे महिना, वेटिंग रूममधले दोन्ही पंखे बंद. तावातावानं स्टेशन मास्तरकडं गेलो. साहेबांच्या एका कानाला फोन, समोर पॅनेलवर लाल-पिवळे दिवे. ते शांतपणे म्हणाले, "पंखे विजेच्या खात्याचे आहेत, मी निरोप देतो. पण आत्ता माझ्याकडं मालगाडी घुसतीये, थोडं थांबा." तेव्हा राग आला. नंतर कळलं की माणूस बरोबर होता. स्टेशन मास्तर ऑपरेटिंग खात्याचा, म्हणजे गाड्यांचा माणूस. कोणती गाडी कोणत्या लाईनवर घ्यायची, कोणाला सिग्नल द्यायचा, हे त्याचं पहिलं काम. मोठ्या स्टेशनवर वर स्टेशन मॅनेजर असतो, तक्रारवही त्याच्याकडं मिळते, सगळ्या खात्यांना हाक मारणंही त्याच्याकडं. पण पंखा फिरवायला विजेचाच माणूस यावा लागतो.

म्हणजे मालक एक, पण कारभार खात्याखात्यांत वाटलेला. फलाटाची फरशी, छप्पर, नळ, गळती हे इंजिनीअरिंगचं. जुने लोक अजून त्या खात्याच्या साहेबाला आयओडब्ल्यू, म्हणजे इन्स्पेक्टर ऑफ वर्क्स, म्हणतात. दिवे, पंखे, लिफ्ट, सरकते जिने विजेच्या खात्याचे. गाडीची घोषणा आणि डब्यांचे नंबर दाखवणारे बोर्ड सिग्नल-टेलिकॉमचे. तिकीट, टीसी, पार्सल, पार्किंग, स्टॉल, जाहिरातीचे फलक हे सगळं वाणिज्य विभागाचं, आणि पैसा येतो तो मुख्यतः इथूनच. झाडलोटीचा ठेका रेल्वे देते, म्हणून गणवेश ठेकेदाराचा दिसतो. हमालांना मात्र कोणी ठेकेदार नाही. त्यांचा बिल्ला रेल्वेचा, दर रेल्वेनं ठरवलेला, आणि मजुरी थेट तुमच्याकडून.

खाण्यापिण्यात दोन घरं आहेत. फूड प्लाझा, फास्ट फूडचं मोठं दुकान, रेल नीरची बाटली आणि गाडीत मिळणारं जेवण हे आयआरसीटीसीकडं. ही रेल्वेचीच कंपनी, १९९९ मध्ये काढलेली. फलाटावरचे चहा-भजीचे छोटे स्टॉल आणि ढकलगाड्या २०१७ च्या केटरिंग धोरणानंतर झोनकडं, म्हणजे आपल्या बाबतीत मध्य रेल्वेकडं. चालवणारा दोन्हीकडं खासगी परवानेदारच. बिल मागा, न दिल्यास पैसे देऊ नका, असं रेल्वेनं स्वतःच लिहून ठेवलंय. गाडी सुटायला दोन मिनिटं असताना बिल मागणारा प्रवासी मी तरी अजून पाहिला नाही.

पार्सलचं मात्र सविस्तर सांगतो, कारण यात माणसं खरोखर फसतात. पार्सल ऑफिस रेल्वेचं, वजनकाटा रेल्वेचा. पण कित्येक गाड्यांना गार्डच्या डब्यातली माल ठेवायची जागा रेल्वे ठेकेदाराला लीजवर देते. बाहेर "मुंबई, मुंबई" ओरडत तुमचा गठ्ठा घेणारा माणूस बहुधा त्याचा असतो. गाडी तीच, फलाट तोच, हातगाडीसुद्धा तीच दिसते. पण रेल्वेनं बुक केलं तर तुम्हाला रेल्वेची पावती मिळते, आणि गठ्ठा हरवला किंवा भिजला तर दावा रेल्वेवर लावता येतो. लीजवाल्यानं घेतलं तर कागद त्याचा आणि भांडणही त्याच्याशी. सुरुवातीच्या काळात आमचा टॉवेलांचा एक गठ्ठा असाच गेला. मी पार्सल बाबूंशी अर्धा तास वाद घातला, त्यांनी माझ्याच हातातला कागद मला वाचून दाखवला. तेव्हापासून माल देण्याआधी पावतीवर नाव कोणाचं ते बघतो, भाव नंतर विचारतो.

पोलिसांचंही तसंच. फलाटावर दोन प्रकारचे दिसतात. आरपीएफ, म्हणजे रेल्वे सुरक्षा दल, हे रेल्वे मंत्रालयाचं. रेल्वेची मालमत्ता सांभाळायची आणि प्रवाशांच्या सुरक्षेकडं बघायचं. लोहमार्ग पोलीस मात्र महाराष्ट्र पोलिसांचे, म्हणजे राज्य सरकारचे. मोबाईल चोरीला गेला तर गुन्हा लोहमार्ग पोलीस नोंदवतात. जागा केंद्राची, पण चोरीचा तपास राज्याचा, असा प्रकार आहे.

आज मालक एक असला तरी आधी किती हात बदलले ते सोलापूरकराला तरी ठाऊक हवं. १८६० मध्ये रूळ सोलापूरला पोचले ते ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे या इंग्रजी कंपनीचे. १९०० मध्ये सरकारनं मालकी घेतली, तरी चालवायला तीच कंपनी राहिली. कारभारही सरकारकडं आला तो १९२५ मध्ये. मालक सरकार आणि चालवणारा खासगी, हा प्रयोग म्हणजे आजचा नाही, आपल्याच स्टेशनवर पंचवीस वर्षं चालून गेलाय. १९५१ मध्ये मध्य रेल्वे झाली. १९६६ मध्ये आपला विभाग काढून दक्षिण मध्य रेल्वेला जोडला, मुख्यालय सिकंदराबाद! १९७७ मध्ये परत मध्य रेल्वेत. एवढ्यात फलाट जागचा हलला नाही, फक्त अर्ज पाठवायचा पत्ता बदलत गेला. आणि कुर्डुवाडीवरून पंढरपूरला जाणारी आपली बार्शी लाईट रेल्वे? ती तर १९५४ पर्यंत खासगी कंपनीचीच होती. वारकऱ्यांनी तिकिटाचे पैसे कंपनीला दिले आणि पुण्य विठ्ठलाच्या खात्यावर लिहिलं.

हद्दीची गंमत हवी तर होटगीला जा. स्टेशन मध्य रेल्वेचं, पण तिथून विजयपूरकडं फुटणारी गदगची लाईन दक्षिण पश्चिम रेल्वेच्या हुबळी विभागाची.

आता "खासगी झालं का?" नाही. अमृत भारत योजनेत सोलापूर आहे. देशातल्या ५०८ स्टेशनांची पायाभरणी ६ ऑगस्ट २०२३ ला झाली तीच ही योजना. तिच्यात इमारती सुधारतात, मालक बदलत नाही. खासगीकरणाचं खरं उदाहरण हवं असेल तर भोपाळचं हबीबगंज, आताचं राणी कमलापती. ते एका खासगी कंपनीच्या भागीदारीत नव्यानं बांधलं, उद्घाटन नोव्हेंबर २०२१ मध्ये. तिथंही जमीन रेल्वेचीच राहिली; स्टेशनची देखभाल आणि दुकानांचं भाडं हे ठरावीक वर्षांसाठी कंपनीकडं दिलं. गाड्या, सिग्नल, तिकीट रेल्वेकडंच. मला स्वतःला यात फार भीती वाटत नाही. भीती वाटते ती तक्रार घेणाऱ्या खिडक्या अजून वाढण्याची, आधीच काय कमी आहेत का!

दुसऱ्या टोकाला छोटे हॉल्ट बघा. कित्येक हॉल्टवर स्टेशन मास्तर नसतोच. गावातलाच एखादा माणूस कमिशनवर तिकिटं विकतो. त्याला कोणी खासगीकरण म्हटलेलं मी ऐकलं नाही.

तुमच्या पार्किंगवाल्याचं राहिलं. तो ठेकेदार, ठरलेली रक्कम रेल्वेला भरतो आणि करारातल्या दरानं तुमच्याकडून घेतो. दरफलक दिसेल असा लावणं त्याला बंधनकारक आहे. जास्त मागितले तर रेल्वेच्या १३९ या मदत क्रमांकावर फोन करा किंवा रेल मदद ॲपवर पावतीचा फोटो टाका, ते वाणिज्य विभागाकडं जातं. पावती दिलीच नाही तर गाडीचं हँडल धरून तिथंच उभे राहा आणि आधी पावती मागा.