प्रशिक्षणाला शिपाई मावशींनाही बसवा

मुलांमधली दादागिरी रोखायला शाळेतल्या लोकांना तयार करायचं तर सुरुवात कुठून करायची, असं तुम्ही विचारलंय. मी नाशिकला सिडकोतल्या एका माध्यमिक शाळेत २२ वर्षं शिकवते आहे. माझं म्हणणं, सुरुवात शिपाई मावशींपासून करा.

आमच्याकडे सातवीत पेठ तालुक्यातून आलेला एक मुलगा होता. वडील अंबडच्या कारखान्यात लागले, म्हणून इकडे आला. वर्गातली पोरं त्याच्या बोलण्याची नक्कल करायची आणि मधल्या सुट्टीत तिघं-चौघं मुतारीच्या दारात त्याला अडवायची. पोराने पाणी पिणंच सोडलं. सकाळी भरून दिलेली बाटली संध्याकाळी तशीच घरी यायची. आईच्या ते लक्षात आलं, म्हणून आम्हाला कळलं. मी त्याची वर्गशिक्षिका आणि मला काही दिसलं नव्हतं! मावशी म्हणाल्या, "बाई, मला दिवाळीपासून ठाऊक होतं. मला कोण विचारतंय?"

ते मला फार लागलं. पुढच्या बैठकीला शिपाई, खिचडी शिजवणाऱ्या ताई, व्हॅनवाले काका, सगळ्यांना बोलावलं. फळ्यावर शाळेचा नकाशा काढला आणि जिथे त्रास होताना पाहिलाय तिथे प्रत्येकाला फुली मारायला सांगितली. जिन्याखाली, मुतारीपाशी, नळावर, व्हॅनच्या मागच्या सीटवर फुल्याच फुल्या. वर्गखोल्यांत जेमतेम एक-दोन. त्यावरून मधल्या सुट्टीत कोण कुठे उभं राहणार ते ठरवलं. नॉर्वेत मानसशास्त्रज्ञ डॅन ओल्वेयस यांनी दादागिरी रोखायला १९८३ मध्ये शाळांसाठी जो कार्यक्रम सुरू केला, त्यातही सुट्टीतल्या देखरेखीवर असाच भर आहे.

दुसरी गोष्ट, त्रास देणारा सापडल्यावर काय करायचं, ते प्रशिक्षणात प्रत्यक्ष करून बघायला लावा. त्रास देताना पकडलं की आपण दोघांना समोरासमोर उभं करतो आणि म्हणतो, "चला, हात मिळवा." बरोबरीच्या भांडणात ते चालतं. इथे एक जण दबलेला असतो, पुन्हा पुन्हा तोच असतो. हात मिळवून बाहेर पडला की त्याला दुप्पट सोसावं लागतं. दोघांना वेगवेगळं बोलवा, त्रास झालेल्याला आधी. आणि बघत उभ्या राहिलेल्या मुलांना विसरू नका. फिनलंडमधल्या तुर्कू विद्यापीठाने दादागिरी रोखणारा 'किवा' कार्यक्रम उभा केला तो त्यांच्यावरच भर देऊन. हसणारे गप्प झाले की दादाचा निम्मा जोर जातो.

आणखी एक, जरा कडू आहे. 'ढोल्या', 'गावठी' ही नावं पुष्कळदा आपल्याच तोंडून मुलं उचलतात. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ मध्ये मारण्याबरोबर मानसिक छळालाही बंदी आहे, हे बैठकीत मोठ्याने वाचा.

कार्यालयात एक वही ठेवा: तारीख, जागा, काय केलं. आठवड्याने आणि महिन्याने त्या मुलाला पुन्हा एकटं गाठून विचारा. १०९८ हा बालकांचा मदत क्रमांक पाण्याच्या नळाजवळ रंगवून घ्या. आम्ही शनिवारी शाळा सुटल्यावर दहा मिनिटं बसतो आणि पहिलं बोलायला मावशींना सांगतो.