पिल्लाचे दात आणि आपले हात

वाचकांचे प्रश्न : पाळीव प्राणी

प्रश्न : आमचं लॅब्रॅडॉरचं पिल्लू नऊ आठवड्यांचं आहे. हात पुढे केला की चावतं, संध्याकाळी तर अंगात आल्यासारखं करतं. चावलं की मोठ्याने ओरडायचं, मग ते थांबतं, असं कुणी सांगितलं. पण आम्ही ओरडलो की ते आणखीच चेकाळतं. काय करावं? (नाशिक)

उत्तर : ओरडणं आधी थांबवा. काही पिल्लं आवाजाने दचकून थांबतात. पण उत्साही पिल्लाला तो खेळच वाटतो. तुमचं पिल्लू दुसऱ्या प्रकारातलं दिसतं.

भावंडांत वाढताना एखाद्याचा कान जोरात धरला, तर ते केकाटतं आणि खेळ सोडून जातं. दात किती दाबायचे हे पिल्लाला तिथेच कळू लागतं. म्हणून आठ आठवड्यांच्या आत पिल्लू आईपासून तोडू नये. केंद्र सरकारच्या 2017 च्या कुत्र्यांच्या पैदास व विक्रीच्या नियमांतही त्याहून लहान पिल्लू विकायला मनाई आहे. पुढची शिकवणी घरच्यांनी घ्यायची असते आणि तिचा क्रम फार महत्त्वाचा आहे : आधी चाव्याचा जोर कमी करायचा, दात लावणं बंद करायचं ते नंतर. जोर आवरायला शिकलेलं कुत्रं पुढे कधी घाबरून चावलंच, तरी जखम खोल होण्याचा धोका कमी राहतो.

सुरुवातीला दात हलके लागले तर खेळ चालू ठेवा. दुखलं की हात सैल सोडा. झटक्याने ओढू नका, कारण निसटणाऱ्या हातामागे पिल्लू हमखास धावतं. काही न बोलता उठा आणि वीस सेकंद दाराच्या किंवा जाळीच्या पलीकडे जा. परत येऊन शांतपणे खेळा. दोन-तीन आठवड्यांत जोर कमी झाला, की मर्यादा खाली आणत जा. शेवटी नियम असा उरला पाहिजे : कातडीला दात लागला की खेळ संपला. घरातले सगळे तसंच वागले तरच हे जमतं. एकजण उठून जातो आणि दुसरा हातानेच मस्ती करतो, अशा घरात पिल्लू चावतच राहतं.

संध्याकाळच्या धिंगाण्याचं कारण बहुतेक वेळा अपुरी झोप हे असतं. या वयात दिवसाला 18 ते 20 तास झोप लागते आणि माणसांनी भरलेल्या घरात पिल्लाला ती मिळत नाही. तासभर जागं ठेवलं की दीड-दोन तास शांत कोपऱ्यात किंवा पिंजऱ्यात झोपू द्या. पाचच्या सुमाराची झोप चुकवू नका. उठल्यावर शू करवून आणा, मग रोजच्याच खाण्यातले मूठभर दाणे जुन्या टॉवेलमध्ये गुंडाळून द्या. ते हुंगून शोधण्यात दहा मिनिटं जातात आणि तोंडालाही काम मिळतं.

नाकावर टिचकी मारणं, तोंड दाबून धरणं, उताणं पाडून दाबणं यातलं काहीही करू नका. पिल्लू हाताला घाबरू लागतं. गुरगुरून इशारा दिला की मार बसतो हे कळलं, तर मोठेपणी ते इशारा न देताच चावू शकतं.

प्रश्न : साडेचार महिन्यांचा कुत्रा चपला आणि खुर्चीचे पाय कुरतडतो. काल खेळण्याला रक्त लागलेलं दिसलं. घाबरायचं का? (कोल्हापूर)

उत्तर : रक्ताचे एक-दोन ठिपके असतील तर नाही. पिल्लाचे दुधाचे दात 28 असतात. तीन-चार महिन्यांपासून ते पडू लागतात आणि सहा-सात महिन्यांपर्यंत 42 पक्के दात येतात. आधी पुढचे दात बदलतात. पुष्कळसे दात पिल्लू गिळून टाकतं, त्याने काही बिघडत नाही. मात्र एकाच जागी दुधाचा आणि पक्का असे दोन सुळे शेजारी शेजारी दिसले, तर पशुवैद्यांना दाखवा. पॉमेरेनियनसारख्या लहान जातींत हे जास्त आढळतं. वेळेत दुधाचा सुळा काढला नाही तर पक्का दात वाकडा येतो.

हिरड्यांना गार वस्तू बरी वाटते. सुती फडकं भिजवून पीळ द्या, गाठ मारून फ्रीझरमध्ये दोन तास ठेवा. पोकळ रबरी खेळण्यात घट्ट दहीभात भरून गोठवला, तर अर्धा तास सहज जातो. मीठ आणि फोडणी मात्र नको. फ्रीजमधलं मोठं, अख्खं गाजर चालतं, पण समोर बसून द्या आणि तुकडा छोटा झाला की काढून घ्या. खेळणं अख्खं तोंडात जाणार नाही एवढं मोठं हवं. त्यावर नख दाबून पाहा : खळगी पडली तर ठीक, नख घसरलं तर ते इतकं कडक आहे की दाढ तुटू शकते. शिंगं आणि टणक हाडं त्यामुळेच बाद. शिजवलेल्या हाडांच्या अणकुचीदार चिपा होतात. आंब्याची कोय आणि मक्याच्या कणसाचा दांडा आतड्यात अडकून ऑपरेशनची वेळ येते, म्हणून आंब्याच्या दिवसांत कचऱ्याच्या डब्याला झाकण हवंच.

चपलांचं म्हणाल तर, कमावलेल्या चामड्याला वास आहे, त्यात आपल्या पायाचा घामही मुरलेला. ‘ही जुनी झाली, घे’ म्हणून एक चप्पल दिलीत, की उरलेल्या सगळ्या चपला त्याच्याच झाल्या. जुनी कुठली आणि नवी कुठली हे त्याला कळणार नाही. वर्षभर चपला बंद कपाटात ठेवा.

प्रश्न : सोफ्याला मिरचीपूड लावावी का? (सांगली)

उत्तर : नको. ती डोळ्यांत आणि नाकात जाते, हाल होतात. कुत्र्यांसाठीचा कडू स्प्रे मिळतो. तो रोज मारावा लागतो, आणि चावायला दुसरं काही दिलेलं नसेल तर त्याचाही उपयोग नाही. त्याआधी वायरी, डांबरगोळ्या, डासांच्या रिफिल, रिमोटचे सेल आणि कण्हेरीच्या कुंड्या त्याच्या आवाक्याबाहेर न्या. चालू वायर चावली असेल तर आधी मेन स्विच बंद करा, मगच पिल्लाला हात लावा. ते बरं दिसत असलं तरी लगेच दवाखान्यात न्या. फुप्फुसांत पाणी साठण्याचा त्रास काही तासांनीही सुरू होतो.

प्रश्न : सहा वर्षांच्या मुलीचा फ्रॉक आणि आजींच्या साडीचा काठ पिल्लू धरून ओढतं. मुलगी किंचाळत पळते. (ठाणे)

उत्तर : पळणारं कापड आणि किंचाळणं, पिल्लाला खेळायला याहून जास्त काय हवं! मुलीला ‘झाड’ व्हायला शिकवा : पाय रोवून उभं राहायचं, हात छातीशी दुमडायचे, नजर वर. तिला हे पिल्लू समोर नसताना आठ-दहा वेळा करून बघू द्या. आजी चालताना पिल्लाच्या पट्ट्याला दीड मीटरची हलकी दोरी ठेवा. ओढू लागलं की दोरी धरून त्याला थांबवा आणि हातभर लांबीचं दोरीचं खेळणं जमिनीवर सरपटवत द्या. लक्ष द्यायला मोठं माणूस नसेल तेव्हा दोरी काढा, कारण ती कशातही अडकते. आणि मुलगी व पिल्लू खोलीत दोघंच कधीही ठेवू नका.

प्रश्न : खेळताना दात लागून बोटातून थोडं रक्त आलं. पिल्लू घरातलंच आहे, मग इंजेक्शन कशाला? (सोलापूर)

उत्तर : पिल्लाला रेबीजची पहिली लस तीन महिन्यांच्या सुमारास देतात. त्याआधी ते सुरक्षित आहे असं धरता येत नाही. आईकडून किंवा रस्त्यावरच्या कुत्र्याकडून संसर्ग झालेला असू शकतो. जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पूर्ण 15 मिनिटं धुवा. हळद, चुना, तिखट काही लावू नका, घट्ट पट्टीही बांधू नका. त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा. सरकारी रुग्णालयांत ही लस मोफत मिळते. कातडीत देतात तेव्हा, पहिल्या इंजेक्शनचा दिवस 0 धरून, 0, 3, 7 आणि 28 व्या दिवशी. रक्त आलेल्या जखमेत लसीबरोबर सीरमही (रेबीजविरुद्धच्या तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शन) लागतं. ‘दहा दिवस पिल्लावर लक्ष ठेवू, मग बघू’ असं करू नका. लक्ष ठेवायचंच, पण उपचार सुरू करून. धनुर्वाताच्या इंजेक्शनचंही डॉक्टरांना विचारा.

प्रश्न : मोजा काढून घ्यायला गेलं की पिल्लू गुरगुरतं. (पणजी)

उत्तर : दर वेळी हिसकावून घेतल्याने असं होतं. अदलाबदल करा : नाकाशी उकडलेल्या चिकनचा तुकडा धरा, मोजा सुटला की ‘सोड’ म्हणा आणि तुकडा द्या. मोजा बाजूला ठेवताना आणखी दोन तुकडे जमिनीवर टाका. रोज पाच वेळा हे त्याच्याच खेळण्यावर करा आणि दर वेळी खेळणं परत द्या, म्हणजे सोडल्याने आपलं काही जात नाही हे त्याला पटतं. मोजा गिळेल असं वाटलं तर मागे धावू नका. पाठलाग झाला की ते घाईने गिळतं. फ्रीजचं दार उघडा किंवा खाण्याचा डबा वाजवा. अंग ताठ करून, डोळे वटारून ते वस्तूवर मान दाबून बसत असेल, तर मात्र सराव थांबवा आणि वर्तनाची जाण असलेल्या पशुवैद्यांना दाखवा.