मुलींच्या वारसाहक्काचा कायदा राष्ट्रपतींना पटला नाही तर ते तो अडवू शकतात का?

नाही, भारतात तरी स्वतःच्या मताने कायमचा नाही अडवू शकत. घटनेच्या कलम ७४ प्रमाणे राष्ट्रपतींना मंत्रिमंडळाच्या सल्ल्यानेच चालावं लागतं आणि कलम १११ मध्ये विधेयक फेरविचाराला एकदाच परत पाठवता येतं, संसदेने ते पुन्हा पास केलं की सही करावीच लागते. हा वाद खरंच झालाय, १९५१ मध्ये हिंदू कोड बिलावर (हिंदूंचे लग्न, वारसा वगैरेंचे कायदे बदलणारं विधेयक) तेव्हाचे राष्ट्रपती राजेंद्र प्रसादांनी नेहरूंना कळवलं होतं की मी यावर माझ्या मताने निर्णय घेईन, तेव्हा सरकारचे सर्वोच्च कायदा सल्लागार, अ‍ॅटर्नी जनरल सेटलवाड यांनी स्पष्ट सांगितलं की राष्ट्रपतींना तसा अधिकार नाही, आणि पुढे १९५६ च्या हिंदू वारसा कायद्यावर सही प्रसादांचीच आहे. माझ्या मते तेव्हा हा प्रश्न सुटला हे फार बरं झालं, नाहीतर कोट्यवधी बायकांचा हक्क एका माणसाच्या मतावर लटकला असता.

फक्त एक गोष्ट लक्षात ठेवा, सहीला मुदत घटनेत नाहीये (१९८६ चं पोस्टाचं विधेयक तेव्हाचे राष्ट्रपती झैलसिंगांनी सही न करता तसंच ठेवून दिलं होतं). आणि वारसा हा विषय समवर्ती सूचीत आहे, म्हणजे केंद्र-राज्य दोघांचा, त्यामुळे राज्याला केंद्राच्या कायद्याहून वेगळं काही करायचं तर कलम २५४ खाली राष्ट्रपतींची संमती लागतेच. महाराष्ट्राने १९९४ मध्ये मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत जन्मतः हिस्सा दिला तो असाच. पण ती संमती द्यायची की नाही हेसुद्धा केंद्र सरकारच्या सल्ल्यानेच ठरतं.