टीबीच्या गोळ्या चालू असताना बांगडा खाल्ला की आईला त्रास होतो. गोळ्या बंद करू का?

नाही, स्वतःहून एकही गोळी बंद करू नका. मध्येच सोडल्या तर जंतू औषधांना दाद देईनासे होतात आणि पुढचे उपचार फार जड जातात.

तुम्ही लिहिलंय की बांगड्याचं तिखलं खाल्ल्यावर अर्ध्या तासात आईचं तोंड लालबुंद होतं, डोकं ठणकतं, छाती धडधडते. घरात बाकी कुणाला काहीच होत नाही. मालवणात औषधांच्या दुकानात बसतो, त्यामुळे हे वाचून मला पहिला संशय आयसोनियाझिड या टीबीच्या औषधाचा आला. आईच्या गोळीत ते बहुधा असेलच.

बांगडा, कुपा, सुरमई, तारली या माशांत हिस्टिडीन नावाचा प्रथिनांतला एक घटक भरपूर असतो. मासा बर्फाविना राहिला की जिवाणू त्याचं हिस्टामीन करतात, म्हणजे ॲलर्जीसारखा त्रास देणारा पदार्थ. एरवी आतड्यातलं एक एन्झाइम ते मोडून टाकतं, पण आयसोनियाझिड नेमकं त्यालाच अडवतं. म्हणून एकाच टोपातलं तिखलं तुम्हाला पचतं आणि आईला बाधतं. शिजवून-तळून हिस्टामीन जात नाही. चिंच, तिरफळं घातली तरी नाही. मासा वासाला चांगला होता म्हणून निर्धास्त राहू नका. पावसाळ्यासाठी ठेवलेला खारवलेला बांगडाही यातच आला.

नेहमीच्या सहा महिन्यांच्या उपचारात पहिले २ महिने ४ औषधं आणि पुढचे ४ महिने ३ असतात, आणि आयसोनियाझिड शेवटपर्यंत असतं. तेवढे दिवस हे मासे बंद ठेवा. पण जेवण तोडू नका, टीबीत अंग भरायला प्रथिनं लागतातच: ताजं पापलेट, अंडी, कुळथाची पिठी, डाळ चालू ठेवा.

पित्त होतं म्हणून अँटासिड देत असाल तर डॉक्टरांना सांगा. काही अँटासिडमुळे आयसोनियाझिड अंगात कमी शोषलं जातं. दारू तर थेंबभरही नको, या गोळ्यांचा भार आधीच यकृतावर असतो.

मी लांबून फक्त अंदाज करतोय, खरी ॲलर्जीही असू शकते. पुढची गोळी घेण्याआधीच डॉक्टरांना फोन करा आणि काय खाल्लं, किती वेळाने त्रास झाला, ते सगळं सांगा. ओठ सुजले, दम लागला, उलट्या थांबेनात किंवा डोळे पिवळे दिसले, तर फोनवर थांबू नका, तडक रुग्णालयात न्या. जाताना गोळ्यांचं पाकीट बरोबर घ्या.