तुर्कस्तानचा इतिहास वाचायला घेताय? आधी हे ऐका

भाषेवरून धर्म ओळखायची घाई करू नका. मीही सुरुवातीला तीच चूक केली. अनातोलियातले (तुर्कस्तानच्या आशियाई भागातले) करामानली लोक ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती, पण घरात बोलायचे तुर्की, आणि ती लिहायचे ग्रीक लिपीत! १९२३ च्या ग्रीस-तुर्कस्तान लोकसंख्या-अदलाबदलीत निकष लावला धर्माचा, म्हणून त्यांची रवानगी ग्रीसला. उलट क्रीटचे ग्रीक बोलणारे मुसलमान तुर्कस्तानात आले. दोघेही नव्या ‘मायदेशी’ परकेच. इस्तंबूलचे ग्रीक आणि ग्रीसमधल्या पश्चिम थ्रेसचे मुसलमान मात्र यातून वगळले होते.

दुसरं, सगळं उस्मानी (ऑटोमन) सुलतानांपासून सुरू करू नका. त्याआधीचे बेय, म्हणजे प्रांतोप्रांतीचे सरदार, जरूर वाचा. १२७७ मध्ये करामानच्या मेहमेद बेयनं कोन्या, म्हणजे उस्मानींआधीच्या सेल्जुक सुलतानांची राजधानी, घेतलं. दरबारात तुर्कीच बोला, असं फर्मान त्यानं काढल्याचं सांगतात. गंमत म्हणजे ही हकिकत आपल्यापर्यंत पोचली ती इब्न बीबीच्या फारसी बखरीतून. सेल्जुक दरबाराची लेखणी फारसीच होती ना! (आपले पेशवे-फडणीस आठवा, शब्द फारसीच.)

आणि १९२८ च्या लिपीबदलाआधीचा (तेव्हा तुर्कीची अरबी लिपी जाऊन रोमन आली) कागद हाती आला, तर लिपी बघून लिहिणाऱ्याची जात-भाषा ठरवू नका. आर्मेनियन लिपीतही तुर्की मजकूर ढिगानं सापडतो.