वाचकांचे प्रश्न : ईजबेलचा गुन्हा नेमका कोणता?

प्रश्न : चर्चच्या रविवारच्या शाळेत मुलांना बायबलमधल्या ईजबेल राणीची गोष्ट सांगायची आहे. ‘नटवी, वाईट बाई’ एवढंच सगळ्यांना ठाऊक असतं. काय सांगावं?
– एक वाचक, रेवदंडा

उत्तर : काजळापासून सुरुवात करू नका. तिने डोळ्यांत काजळ घातलं ते बायबलच्या ‘२ राजे’ पुस्तकाच्या ९ व्या अध्यायात, तिच्या मरणाच्या दिवशी येतं आणि मुलांच्या डोक्यात तेवढंच राहतं. आधी १ राजे २१ वाचा.

नाबोथ आपला द्राक्षमळा राजाला द्यायला नकार देतो, कारण तो वाडवडिलार्जित. हे आपल्याकडच्या मुलांना समजवावं लागत नाही. घरची नारळी-पोफळीची वाडी आठवली की झालं. राजा अहाब, म्हणजे ईजबेलचा नवरा, रुसून जेवत नाही. मग ईजबेल त्याच्या नावाने पत्रं लिहिते, त्याचीच मोहोर लावते : उपास जाहीर करा, नाबोथला मानाच्या जागी बसवा, समोर दोन अधम माणसं बसवा, त्यांनी नाबोथवर देवाची आणि राजाची निंदा केल्याचा आळ घ्यावा, मग त्याला ठार मारा. दोनच का? मोशेच्या नियमशास्त्रात एकाच्या साक्षीवर देहदंड नाही. खून कायद्याच्या चौकटीत बसवला, इथे जरूर थांबा. मुकाट्याने पत्र पाळणारे गावचे वडीलही सुटता कामा नयेत. संदेष्टा एलिया जाब विचारतो तो अहाबला. (आपल्या बेने इस्राएल, म्हणजे मराठी ज्यू, घरांत मलिद्याच्या विधीला ज्याचं स्मरण होतं, तोच हा एलियाहू हन्नाबी.)

बायबलमधली दुसरी बदनाम बाई, शमशोन या बलाढ्य वीराला दगा देणारी दलीला, हिला मात्र ईजबेलच्या पंक्तीला बसवू नका. शमशोनाच्या शत्रूंपैकी, म्हणजे पलिष्ट्यांपैकी, प्रत्येक सरदाराने तिला चांदीचे ११०० तुकडे देऊ केले हे खरं. पण बळाचं गुपित तिने शमशोनाला तोंडावर विचारलं, आणि तीनदा डाव दिसूनही चौथ्यांदा तो बोलला.